लक्ष कोपरावर की यष्टीवर?

रविवारी सकाळी बोरिवली, अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडच्या एखाद्या मैदानाच्या कडेला दहा मिनिटे उभे राहा. खेळ पाहू नका, फक्त कान उघडे ठेवा. जाळ्यात फलंदाजी करणाऱ्या मुलाला उद्देशून प्रशिक्षक ओरडत असतात : "कोपर वर! डोके स्थिर! पुढचा गुडघा वाकव! खालचा हात सैल!" मध्यमगती गोलंदाजाच्या हातातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला सेकंदभरही लागत नाही. तेवढ्यात त्या बिचाऱ्याच्या मनाने डोके, कोपर, गुडघा आणि हात अशा चार ठाण्यांवर हजेरी लावायची असते! इतक्यात शेजारच्या खो-खोच्या मैदानावरून निराळीच हाक ऐकू येते : "खांब! खांब गाठ!"

दोन्ही हाका सूचनाच आहेत. पण त्या खेळाडूच्या मनाला दोन वेगळ्या ठिकाणी पाठवतात. पहिली हाक मनाला शरीरात पाठवते, म्हणजे सांध्यांकडे आणि स्नायूंकडे. दुसरी मनाला शरीराबाहेर नेते. शरीराने जे साधायचे आहे, त्याच्याकडे. आपण पहिल्या प्रकाराला 'आतले लक्ष' आणि दुसऱ्याला 'बाहेरचे लक्ष' म्हणू. फरक नुसता शब्दांचा दिसतो. पण एवढ्याशा फरकाने उडी लांब पडते का, नेम अधिक अचूक लागतो का, याचा शोध शास्त्रज्ञ गेली पंचवीसहून अधिक वर्षे घेत आहेत.

आपल्याकडे या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे, असे मला वाटते. उपनगरांत मैदाने थोडी आणि खेळणारी मुले फार. गर्दीच्या जाळ्यात एकेकाच्या वाट्याला मोजकेच चेंडू येतात. नवे मैदान आणायला पैसा लागतो, जागा लागते. सूचनेचे शब्द बदलायला काहीच लागत नाही.

द्रोणाचार्यांनी झाडावर लाकडी पक्षी ठेवून शिष्यांना "तुला काय दिसते?" असे विचारल्याची महाभारतातील गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. अर्जुनाला फक्त पक्षी दिसला, मग त्याचे मस्तक. गोष्ट एकाग्रतेची म्हणून सांगितली जाते. पण तिच्यातली दुसरी बाजू सहसा कोणी दाखवत नाही. बाण सोडण्यापूर्वी गुरूने शिष्याला "तुझे कोपर कुठे आहे?" असे विचारले नाही. "पाय किती अंतरावर ठेवलेस?" असेही नाही. प्रश्न लक्ष्याचा होता.

अलीकडच्या काळातील एका द्रोणाचार्यांची हकिगतही अशीच आहे. १९९० साली ज्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, ते रमाकांत आचरेकर सर दादरच्या शिवाजी पार्कवर मुलांना क्रिकेट शिकवीत. वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात राहणारा सचिन तेंडुलकर त्यांच्याकडे शिकायला जाई. सरावाच्या शेवटी, मुलगा दमलेला असताना, सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याला ते नाणे मिळायचे. कोणालाच बाद करता आले नाही तर ते सचिनचे. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत, हे त्याने अनेकदा सांगितले आहे. सरांनी ही युक्ती काही मानसशास्त्राच्या पुस्तकातून उचलली नव्हती. तिचा हेतू थकव्यातही विकेट न फेकण्याची सवय लावणे हा असणार. पण नाण्याचा आणखी एक परिणाम होत असला पाहिजे. मागे यष्टीवर रुपया चमकत असताना कोणता मुलगा स्वतःच्या कोपराचा विचार करील?

पाय आणि चाके

आता प्रयोगशाळेकडे वळू. गाब्रिएले वुल्फ या जर्मन संशोधिकेला शिडाच्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जाण्याच्या खेळाची आवड होती. त्यात वेगात असताना वळण घेण्याचा एक अवघड प्रकार आहे. तो शिकताना पाय कुठे ठेवायचे, कोणत्या पायावर किती भार द्यायचा याकडे त्या लक्ष देत होत्या आणि पुनःपुन्हा पाण्यात पडत होत्या. शेवटी त्यांनी पायांचा नाद सोडला आणि फळी किती कलते आहे एवढेच पाहायचे ठरवले. वळण जमू लागले! पुष्कळांनी एवढ्यावर आनंद मानला असता. वुल्फबाईंनी त्यावर प्रयोग रचला.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बर्फावरून घसरण्याच्या खेळाची नक्कल करणारे यंत्र वापरले होते. दोन वाकवलेल्या रुळांवर चाकांची एक फळी, तिला मध्याकडे खेचणारे रबरी पट्टे. फळीवर उभे राहून डावी-उजवीकडे जितके मोठे झोके घेता येतील तितके घ्यायचे. एका गटाला सांगितले की, झोक्याच्या वेळी बाहेरच्या पायाने देत असलेल्या जोरावर लक्ष ठेवा. दुसऱ्या गटाला सांगितले की, बाहेरच्या चाकांवर लक्ष ठेवा. तिसऱ्या गटाला असे काहीच सांगितले नाही. दोन दिवस सराव झाला आणि तिसऱ्या दिवशी कोणतीही सूचना न देता परीक्षा घेतली.

यातली गंमत लक्षात घ्या. चाके पायांच्या अगदी खाली होती. पायाने दिलेला जोर म्हणजेच चाकांवर पडणारा जोर. दोन सूचनांत अंतर होते ते काही सेंटिमीटरांचे. तरीही चाकांकडे लक्ष देणाऱ्यांचे झोके मोठे ठरले, आणि तिसऱ्या दिवशीही ती आघाडी टिकली. पायांचा विचार करणाऱ्यांना काहीच न सांगितलेल्या गटापेक्षा अधिक फायदा झाला नाही.

त्यानंतर अशा प्रयोगांची रांगच लागली. गोल्फच्या फटक्यात हातांच्या झोक्याऐवजी काठीच्या झोक्याकडे लक्ष दिले की चेंडू लक्ष्याजवळ पडतो, असे दिसले. डुलत्या फळीवर तोल सावरताना फळीवरच्या खुणा पायांपासून जितक्या दूर, तितका तोल अधिक चांगला, असेही एका प्रयोगात आढळले. अमेरिकेत १२० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जागच्या जागेवरून लांब उडी मारायला लावली. निम्म्यांना सांगितले की, गुडघे होतील तितक्या झटक्याने सरळ करा. उरलेल्यांना सांगितले की, सुरुवातीच्या रेषेपासून होईल तितके दूर जा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दुसऱ्या गटाची सरासरी उडी सुमारे १० सेंटिमीटर जास्त भरली. निवड चाचणीत १० सेंटिमीटर म्हणजे काय, हे ज्याचे नाव यादीत आले नाही त्याला विचारा.

लोहाराचा हातोडा

असे का व्हावे? शरीर हलवायचे असेल तर शरीराचाच विचार केलेला बरा, असे साधी अक्कल सांगते. ही साधी अक्कल कुठे चुकते, हे समजायला शंभर वर्षे मागे जाऊ.

१९२०च्या दशकात मॉस्कोच्या श्रम-संस्थेत निकोलाय बर्नश्टाइन हे शास्त्रज्ञ कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करीत होते. छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कुशल कामगाराच्या हाताला त्यांनी लहान दिवे लावले आणि प्रत्येक घावाचा मार्ग छायाचित्रात टिपला. शेकडो, हजारो घाव घातलेल्या माणसाचा हात दर वेळी अगदी त्याच मार्गाने जाईल, अशी आपली अपेक्षा असते. तसे दिसले नाही. खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग घावागणिक थोडे थोडे बदलत होते. हातोड्याचे टोक मात्र पुनःपुन्हा छिन्नीच्या माथ्यावरच येत होते!

म्हणजे सांधे एकमेकांना सांभाळून घेत होते. कोपर जरा जास्त वाकले तर मनगट तेवढे कमी वाकायचे. खांदा, कोपर आणि मनगट मिळून हाताला सात स्वतंत्र प्रकारच्या हालचाली करता येतात. बोटे यात धरलेलीच नाहीत. या सातांचा हिशेब क्षणोक्षणी जमवण्याचे काम मेंदूचे अनेक भाग, लहान मेंदू आणि मज्जारज्जू मिळून करतात, आणि त्यातले बहुतेक काम आपल्या जाणिवेपर्यंत येतच नाही. अंधेरी स्थानकाच्या पुलाचा जिना उतरताना तुम्ही कोणता गुडघा किती अंशांत वाकवायचा हे ठरवता का? ठरवून पाहू नका, विशेषतः गर्दीच्या वेळी.

आता या चालू कारभारात "कोपर वर!" असा हुकूम आला की काय होते? मन एका सांध्याला पकडून ठेवते. तो सांधा इतरांना सांभाळून घ्यायला मोकळा राहत नाही. वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडलेले स्पष्टीकरण साधारण असेच आहे : जाणीवपूर्वक ताबा घेण्याच्या धडपडीत आपण आपोआप चालणाऱ्या यंत्रणेलाच अडवतो. त्यांनी हे पडताळलेही. डुलत्या फळीवर तोल सावरणाऱ्यांच्या हातात एक बटण दिले आणि आवाज ऐकू येताच ते दाबायला सांगितले. बाहेर लक्ष ठेवणाऱ्यांनी बटण लवकर दाबले. याचा अर्थ, तोल सावरण्यात त्यांचे मन कमी गुंतले होते. त्यांच्या फळीच्या हालचालीही बारीक आणि झटपट होत्या, जणू शरीर सतत छोट्या छोट्या दुरुस्त्या करीत होते. पायांकडे लक्ष देणाऱ्यांच्या दुरुस्त्या मोठ्या आणि संथ होत्या.

आणखी एक पुरावा मला फार आवडतो. स्नायू आकुंचन पावताना विजेचे सूक्ष्म स्पंद निर्माण होतात आणि कातडीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडांनी ते मोजता येतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बास्केटबॉल टोपलीत टाकणाऱ्यांच्या हातावर असे इलेक्ट्रोड लावले होते. एकदा मनगटाच्या झटक्यावर लक्ष ठेवायला सांगितले, एकदा टोपलीच्या कड्यावर. कड्यावर लक्ष असताना नेम अधिक अचूक लागला आणि दंडाच्या पुढच्या-मागच्या स्नायूंतील विजेची हालचाल कमी झाली. सूचना मनगटाची होती, दंडाचे नावही कोणी काढले नव्हते! म्हणजे एका सांध्याचा विचार केला की शेजारचे स्नायूही विनाकारण आवळले जातात. काम तेच, पण इंधन जास्त.

हॅरिस शील्डसारख्या शालेय स्पर्धेत शेवटच्या षटकात चांगल्या गोलंदाजाचे चेंडू भरकटतात, त्यामागेही बहुधा हाच गोंधळ असतो. दडपण आले की माणूस स्वतःकडे पाहू लागतो. धाव घेताना पाऊल बरोबर पडते आहे ना, हात नीट वर जातो आहे ना? एरवी न विचारलेले प्रश्न तो नेमके त्याच वेळी विचारतो. त्यात सीमारेषेबाहेरून कोणी "हात सरळ ठेव रे!" असे ओरडले, तर आगीत तेलच.

मग कोपराचे काय करायचे?

इथे शिक्षकांची शंका रास्त आहे. ज्याला बॅट धरताच येत नाही, त्याला "चेंडू समोर पाठव" एवढे सांगून भागेल का? २००२ साली सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळाडूंना शंकूंच्या रांगेतून चेंडू नेण्यास सांगितले. पाऊल चेंडूला कोणत्या बाजूने लागते यावर लक्ष ठेवायला लावले, तेव्हा कसलेल्या खेळाडूंचा उजव्या पायाचा खेळ मंदावला. पण तेच खेळाडू डाव्या, म्हणजे कमी सवयीच्या पायाने खेळताना अशा लक्षाचा त्यांना फायदा झाला. नवशिक्यांनाही झाला. तेव्हा हालचाल मुरलेली नसताना तिच्याकडे पाहण्यात काही अर्थ असू शकतो. उलट, मुलुंडच्या डोलत्या झुल्यासारखी घडी बसलेली हालचाल उगाच उसवून पाहणे धोक्याचे. दिनेश लाड सरांच्या हाताखाली बोरिवलीच्या शाळेत रोहित शर्मा घडला. तशा एखाद्या उपजत सहज फटका मारणाऱ्या मुलाला कोपराचा धडा देताना गुरुजींनी दोनदा विचार करावा.

कोपर पाहायचेच नाही, असे नाही. गोलंदाजी करताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होत असेल तर तो चेंडू नियमबाह्य ठरतो, आणि चुकीच्या उतरण्याने गुडघा दुखावू शकतो. प्रशिक्षकाने शरीराकडे बारकाईने पाहिलेच पाहिजे. पण पाहणे वेगळे आणि पाहिलेले जसेच्या तसे मुलाच्या कानात ओतणे वेगळे. कोपर खाली पडते आहे असे दिसले, तर "बॅटचे पूर्ण तोंड गोलंदाजाला दिसू दे" असे सांगता येईल. गोलंदाजाला मनगटाऐवजी चेंडूच्या शिवणीबद्दल सांगावे : शिवण पहिल्या स्लिपकडे रोखलेली राहू दे. धावपटूला "गुडघा उचल" म्हणण्याऐवजी "जमीन मागे ढकल" म्हणता येते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय आखूड पडतो आहे? मग मांडीचे नाव न घेता बोनस रेषेच्या पलीकडची मातीच दाखवावी.

मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्सची गोष्ट निराळी वाटते. तिथे यष्टी नाही, टोपली नाही. शरीराची ठेवण हेच तिथले साध्य. मग लक्ष बाहेर ठेवायचे तरी कशावर? २०१५ साली बारा वर्षांच्या जिम्नॅस्टांवर केलेल्या एका प्रयोगात यावर साधी युक्ती काढली होती. उंच उडी घेऊन हवेत अर्धे वळण घ्यायचे होते. मुलांच्या छातीवर पट्टीची एक खूण चिकटवली. हात कोणत्या दिशेला आहेत याऐवजी ती खूण कोणत्या दिशेला आहे याकडे लक्ष दिल्यावर उडी उंच गेली आणि परीक्षकांनी कापलेले गुणही कमी झाले. मल्लखांब शिकवणाऱ्या गुरुजींनी हे करून पाहण्यासारखे आहे.

प्रत्यक्षात मात्र प्रशिक्षकांची जीभ सवयीने शरीराकडेच वळते, आणि ती फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धेत उतरलेल्या १३ खेळाडूंना विचारले, तेव्हा ११ जणांनी सांगितले की सरावात मिळणाऱ्या सूचना हातापायांच्या हालचालींबद्दलच असतात. संख्या लहान आहे, तरी आपल्या मैदानांवर काही वेगळे चित्र असेल असे वाटत नाही.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील. या विषयावरचे अनेक प्रयोग एकत्र तपासून २०२१ साली वुल्फ आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की बाहेरचे लक्ष नवशिक्यांना आणि तरबेजांना, लहानांना आणि मोठ्यांना, सर्वांनाच उपयोगी पडते. पण २०२४ साली ब्रॅड मकाय आणि इतरांनी याच साहित्याची निराळ्या पद्धतीने छाननी करून हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे : ज्या प्रयोगात ठळक फरक दिसतो तो छापून येतो, आणि ज्यात काहीच फरक दिसत नाही तो कपाटात पडून राहतो. छापलेल्यांचीच सरासरी काढली तर परिणाम फुगलेला दिसणारच. वर्गातील फक्त पास झालेल्यांच्या गुणांची सरासरी काढून "आमच्या वर्गात कोणी नापास होत नाही" असे म्हणण्यापैकीच हे. हा फुगवटा वजा केल्यावर फायदा फारच थोडा उरतो, कदाचित उरतही नाही, असे त्यांना वाटते. वाद अजून मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर कपाटातल्या प्रयोगांची हरकत वजनदार आहे आणि दहा सेंटिमीटरांचा आकडा प्रत्येक शाळेत तसाच निघेल असे मानू नये. पण शब्द बदलून पाहण्यात धोका काहीच नाही, आणि तपासणी तुमच्या हातात आहे.

ती अशी करता येईल. तीस-चाळीस मुले-मुली, चुन्याची एक रेषा, मोजपट्टी आणि वही एवढे पुरे. प्रत्येकाने जागच्या जागेवरून सहा उड्या मारायच्या : तीन "गुडघे झटक्याने सरळ कर" या सूचनेनंतर आणि तीन "रेषेपासून दूर जा" या सूचनेनंतर. सगळ्यांना आधी एकच सूचना दिली तर घोटाळा होईल, कारण नंतरच्या उड्या सरावाने सुधारतील किंवा थकव्याने खालावतील. म्हणून निम्म्यांना आधी गुडघ्याची सूचना द्या आणि उरलेल्यांना आधी रेषेची. कोण कोणत्या क्रमाने जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. दोन्ही सूचना एकाच आवाजात आणि एकदाच द्या. प्रयोग कशाचा आहे हे उडी मारणाऱ्यांना आधी सांगू नका, आणि शक्य असेल तर मोजणाऱ्यालाही कोणती सूचना दिली ते कळू देऊ नका. उड्यांच्या मध्ये मिनिटभर विश्रांती द्या. मग प्रत्येकाच्या दोन सरासऱ्या काढा आणि त्यांतील फरक मांडा. किती जणांचा फरक एका बाजूला पडला आणि किती जणांचा दुसऱ्या, हेही मोजा. फरक अजिबात निघाला नाही तर तेही तितक्याच ठळक अक्षरांत लिहून काढा. कपाटात ठेवू नका. अंतर मोजताना रेषेला सर्वांत जवळ असलेल्या टाचेचा ठसा धरावा, आणि पावसाळ्यात मैदान निसरडे असते म्हणून हा प्रयोग दिवाळीनंतर घ्यावा.